बोडी कोनाची?

धर्मराज आणि खेमराज या दोघा भावांनी आपल्या मेलेल्या भावाच्या बायकोला, सुगरताबाईंना, शेतीच्या वाटणीत फसवलं. मी तिथे बसलेलो होतो. फसवताना कोणी खोटं बोललं नाही, कोणी खोटी सही केली नाही, कोणी आवाजही चढवला नाही. आवाज चढवला तो मी, आणि म्हणून मलाच बाहेर काढलं. गावाचं नाव लिहीत नाही. गोरेगाव तालुक्यातलं आहे एवढं पुरे. पण ज्यांनी बाईंना पाहिलं नाही त्यांना त्या कशा होत्या हे आधी सांगायला हवं. नाहीतर हे नुसतं भांडण वाटेल.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते १९९९ च्या उन्हाळ्यात. माझ्याकडे एक जुना ट्रॅक्टर आणि त्यामागे माती ओढायचं पातं, एवढीच मिळकत. बापाने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात फावडं चालवलं. मी ठरवलं होतं की माती उचलायची तर यंत्राने, आणि दर आपण सांगायचा. या घराची शेती मोठी, तीन भावांची एकत्र. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले वाफे, वरखाली होत्या, त्या सपाट करायच्या होत्या. काम सुगरताबाई बघतात असं कळलं. मी सकाळीच गेलो. बाई शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसून बोटाने दातांना तंबाखूची गुडाखू घासत होत्या.

आमच्या भागात गुडाखू घासणाऱ्या बायका पुष्कळ, पण घासता घासता सौदा करणारी ही एकच. तोंड भरलेलं, त्यामुळे बोलायचं नाही. मी दर सांगितला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि घासत राहिल्या. मी ट्रॅक्टरची ताकद सांगितली. त्या घासत राहिल्या. डिझेल महागलंय म्हणालो. त्यांनी भुवया वर केल्या. शेवटी मीच म्हणालो, "बरं, थोडं कमी करतो." त्या घासतच. "अजून थोडं." तेव्हा कुठे त्यांनी चूळ भरली, तोंड पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "मी तं काहीच नाई बोलली. तूच तुया भाव उतरवला, ठेकेदार."

माझ्याकडे एक ट्रॅक्टर असताना त्या मला ठेकेदार म्हणत, चिडवायला. पुढे मी खरोखर ठेकेदार झालो, माझं स्वतःचं जेसीबी आलं, तिरोड्याच्या वीज प्रकल्पाकडे भरावाची कामं मिळाली, तेव्हापासून त्या मला माधो म्हणू लागल्या. "आता लोक तुले ठेकेदार म्हनून राहिले, मंग मी कायले म्हनू?"

धर्मराज थोरला, खेमराज धाकटा. मधला योगराज तापाने गेला होता. त्याच्यामागे बाई आणि एक मुलगी, कुंदा. सासऱ्यांनी शेतीचं पाणी आणि मातीकाम मधल्या सुनेकडे दिलं, कारण मजुरांशी आणि माझ्यासारख्या माणसांशी दुसरं कोणी निभावून नेऊ शकत नव्हतं. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी ज्या गावांना मिळतं त्यांत हे गाव नाही. पावसाने पंधरा दिवस तोंड फिरवलं की धान करपायचा. बाईंनी सासऱ्यांच्या मागे लागून बोडी खोदायला लावली. शेताच्या वरच्या अंगाला मातीच्या बंधाऱ्यासारखी पार बांधून, टेकाडावरून वाहत येणारं पाणी अडवायचं, ते छोटं तळं म्हणजे आमच्याकडची बोडी. तीन उन्हाळे आम्ही तिथे राबलो. मी माती टाकायचो आणि बाई अनवाणी पारीवर चालायच्या. टाच रुतली की हात वर. "पुन्हा दाब." मी खाली उतरून ओरडायचो, "अवो वहिनी, तुमची टाच आहे का पहार?" त्या म्हणायच्या, "पानी तं माह्या टाचेपेक्षा बारीक आहे, गा. ते विचारत नाई बसत."

ती बोडी पहिल्या पावसाळ्यात भरली तेव्हा धानाच्या रोपांची रोवणी करणाऱ्या बायकांनीच नाव पाडलं, वहिनीची बोडी. तेच चालू झालं. "वहिनीच्या बोडीवर बैल नेले", "वहिनीच्या बोडीत पाणी किती आहे", असं सारं गाव बोलायचं. बाईंना ते आवडायचं. नवऱ्याच्या मागे त्यांच्या नावाने त्या घरात दुसरी कुठली वस्तू नव्हती.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. माझ्याशी, मजुरांशी, तलाठ्याशी भांडणारी ही बाई नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, म्हणजे जेठासमोर, तोंड उघडायची नाही. त्या घराची रीतच तशी. जेठ समोर आला की पदर खाली, पाठ तिकडे, आणि बोलायचं झालं तर तिसऱ्याच्या मार्फत. बोडीतून खाली जमिनीतून पाइप टाकत होतो त्या वेळची गंमत सांगतो. धर्मराजभाऊ बांधावर उभे. बाई त्यांच्यापासून चार पावलांवर, पाठ करून, माझ्याकडे बघत.

"ठेकेदार, त्यायले सांग, पाइप आधी शेवटच्या बांधीले जाईल. जवळच्याले पानी कसंही भेटते."

धर्मराजभाऊ मला म्हणाले, "तिले सांग, रोडाजवळच्या बांधीपासून सुरू करा लागते."

मी दोघांकडे पाहिलं. "मी कायले सांगू? तुम्ही दोघंबी बहिरे आहा का जी?"

बाई पदरात खुदकन हसल्या. धर्मराजभाऊही हसले, खोटं कशाला सांगू. पाइप शेवटच्या बांधीला आधी गेला. कुठली बांधी कोणाच्या वाट्याला जाणार याचा हिशेब तेव्हा बाईंच्या डोक्यात नव्हता. तो दुसऱ्याच्या डोक्यात असावा, असं मला आता वाटतं.

सासरे गेले आणि दोन वर्षांत वाटणी काढली. बांध्यांचा उंचसखलपणा मला पाठ, म्हणून मलाही बोलावलं. छपरीत चार वडीलधारे सतरंजीवर, दोघे भाऊ समोर. बाई आत, दाराच्या फळीमागे. कुंदाचं लग्न होऊन ती बालाघाटकडे गेली होती. बाईंच्या बाजूने बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

जमिनीचा एक शब्द निघायच्या आधी धर्मराजभाऊ हसत हसत म्हणाले, "खेमराज, आत विचार जरा. बोडी कोनाची म्हनावं?"

खेमराज दाराशी गेला. "वहिनी, भाऊ विचारून राहिले, बोडी कोनाची?"

आतून ताठ आवाज आला. "माझी नाई तं कोनाची!"

सगळे हसले. वडीलधारेही हसले. मीही हसलो असतो, पण मला सौद्याची सवय आहे. समोरचा माणूस आधी आपल्याकडून 'हो' काढून घेतो तेव्हा माझ्या मानेवर काटा येतो. बाईंना वाटलं, चार माणसांसमोर जेठ आपलं कौतुक करून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

"मंग झालं," धर्मराजभाऊ म्हणाले. "बोडी, बोडीची पार, आन वरचं टेकाड, सारं मंझलीच्या वाट्याले. तिनंच बांधली, तिचा मान आहे. खालच्या बांध्या आम्ही दोघं भाऊ वाटून घेऊ."

ऐकणाऱ्याला हे गोड वाटेल. आता शेतकऱ्याच्या नजरेने पहा. बोडी म्हणजे पाण्याखालची जमीन, तिथे धान होत नाही. टेकाड मुरमाड, तिथे पळस आणि करवंद. पारीवर झाली तर चार झाडं तुरीची. पाणी बाईंचं, पण घरच्या माणसाच्या धानाला पाणी नाकारायचं नाही अशी आमच्याकडची चाल, आणि ते पाणी दिवाळीपर्यंत खालच्या बांध्या पिऊन टाकत. मासे वाढायलाही मागे काही उरत नसे, नुसता चिखल. कागदावर मात्र तिघांचं क्षेत्र जवळपास सारखं. मी उठलो आणि ओरडलो, "ह्या बाईनं खावं काय? पानी?"

खेमराज म्हणाला, "घरच्या गोष्टीत तू कोन, बे?" मी त्याला काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. दोघांनी धरून मला छपरीबाहेर काढलं. जाता जाता मी दाराकडे पाहून म्हणालो, "वहिनी, नाही म्हना! आत्ता म्हना!"

दुसऱ्या दिवशी मी पारीवर गेलो. बाई गुडाखूची डबी हातात घेऊन बसल्या होत्या, उघडली नव्हती.

"बोलाचं होतं ना!"

"बोलली ना. माझी म्हनून बोलली. चार मानसांत जेठासमोर तोंडातून गेलं, ते आता कसं फिरवू, बापा?"

मी त्यांना गोंदियाला वकिलाकडे नेलं. वकिलाने कागद पाहिला. क्षेत्र बरोबर, बाईंची सही बरोबर, चार साक्षीदार बरोबर. "केस में दम नहीं है," म्हणाला. बाई परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "त्याले बोडी मंजे का, हेच नाई समजलं."

पहिल्या वर्षी दिरांनी धानाची पोती पाठवली. दुसऱ्या वर्षी कमी. तिसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला, तेव्हा निरोप आला की यंदा तुझ्या पाण्याची गरज पडली नाही. मग बाई रोवणीला जाऊ लागल्या. गावात नाही, लांबच्या गावात, मजुरांच्या गाडीत बसून. घराची इज्जत राहावी म्हणून.

एका उन्हाळ्यात त्यांनीच मला बोलावलं. बोडी कोरडी होती. "पार फोडून दे. आत मी धान लावीन म्हन्ते." माझं जेसीबी मी तिरोड्याच्या कामावरून ओढून आणलं. बोडीच्या पोटातला गाळ म्हणजे सोनं. पाणी अडलं नाही तर तिथे धान उभा राहिला असता, त्यांचा स्वतःचा. बाई पारीवर बसल्या आणि गुडाखू घासू लागल्या. मी इंजिन चालू करून वाट पाहत राहिलो. एरवी मीच बोलत सुटायचो. त्या दिवशी मीही गप्प. मग त्यांनी चूळ भरली.

"बंद कर, माधो."

"काऊन?"

"पार फुटली तं पयल्याच पुरात हा सारा मुरूम खाली जाईल. खालच्या बांध्या बुजतीन. त्या बांध्या आपन सारख्या केल्या नं, गा? वाटनी त्यायची झाली. बांधीनं माह्य काय केलं?"

मी खूप बोललो, शिव्याही दिल्या, दिरांना आणि नशिबाला. त्यांनी ऐकून घेतलं. मी मशीन घेऊन निघून गेलो.

त्यानंतर एकदा गोरेगावच्या बाजारात दिसल्या. पिशवीत तांदूळ मोजून घेत होत्या. ज्या बाईने आख्ख्या शेतीला पाणी पाजलं ती दुकानात तांदूळ विकत घेत होती, किलोने. मी जवळ गेलो. विचारलं, "विकत घेऊन राहिल्या, वहिनी?"

"हाव. घरचा तांदूळ लय चिकट होते. मले पचत नाई." आणि हसल्या. घरचा कुठला, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

२०१३ च्या पावसाळ्यात त्यांना हिवताप झाला, डोक्यात गेला. कुंदाने गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, मला फोन केला. मी गेलो तेव्हा शुद्धीवर होत्या. ओठ कोरडे. मला जवळ बोलावलं. मला वाटलं मुलीबद्दल काही सांगतील.

"माधो, जनमभर त्यायच्यासमोर तोंड नाई उघडलं. एकदाच उघडलं." श्वास घेतला. "तेवढा एक शब्द जास्त झाला, नाई?"

मी म्हणालो, "तुमचा नाही जास्त झाला, वहिनी." पण त्या डोळे मिटून होत्या, ऐकलं की नाही कळलं नाही. संध्याकाळी गेल्या. मी धंद्यात अनेक माणसांशी घासाघीस केली, कोणापुढे रडलो नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. कुंदा मला पाणी देत होती. ज्याने तिला धीर द्यायचा तोच असा.

तेरवीला भावांनी मोठं जेवण घातलं. मांडव, पंगती, सगळं. मलाही पान वाढलं. पानात भात पडला, पांढरा, मोकळा, चांगल्या जातीचा. मी वाढणाऱ्याला थांबवलं आणि धर्मराजभाऊंना विचारलं, "हा भात कोनत्या बांधीचा आहे जी?"

ते म्हणाले, "जेव आधी. आजच्या दिवशी असं नाई विचारत."

मी पानावरून उठलो. तेव्हापासून त्या घराचं एक टोपलं मातीही मी उचललेलं नाही.

तेरवीला तुम्ही 'आजच्या दिवशी नाही' म्हणालात, म्हणून मी थांबलो. आता वर्षं झाली. धर्मराजभाऊ, तुम्ही धडधाकट आहात, तुम्हाला वाचता येतं. खेमराज, तूही ऐक. आणि सतरंजीवर बसून हसलेले तुमचे चार वडीलधारे, त्यांतले जे उरलेत तेही ऐका. ती बाई आता पाठ करून, पदर ओढून उभी नाही. मधे निरोप्या लागत नाही. मी समोरासमोर विचारतो आहे आणि उत्तर घेतल्याशिवाय गप्प बसणार नाही. तिच्या वाटणीचा धान कुठे होता? तुमच्यापैकी कोणी खाल्ला? बोला.