ईश्वरप्पांच्या मोटारीतली नवी झडप

मायाप्पाला किळस फार लवकर यायची. जन्म सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, पण भिजल्या लोकरीचा वास त्याला सोसायचा नाही. कळपाजवळ झोपायची पाळी आली की हा घोंगडं उचलून लांब खडकावर जायचा. भाऊ शिव्या द्यायचे. मिसरूड फुटल्यावर तो सोलापुरात आला, मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली राहिला आणि तिथंच रमला. पेट्रोलचा वास त्याला स्वच्छ वाटायचा.

पुढं कापसाचे व्यापारी ईश्वरप्पा यांनी त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. त्यांनी एका संस्थानाच्या लिलावात मोठी अमेरिकन मोटार घेतली होती. गाडी जुनी, पण थाट राजाचा. मखमली गाद्या, खिडक्यांना रेशमी पडदे. नव्या पेठेतून ती हळूहळू नेताना ईश्वरप्पा काचेला कपाळ लावून बसत, बाहेरून आपण दिसावं म्हणून.

चैत्रात गाडी तापू लागली. स्टेशनापर्यंत जाऊन येईतो रेडिएटरचं पाणी उकळायचं. मायाप्पानं ओळखलं की दुखणं थर्मोस्टॅटचं असणार. इंजिन गार असेतो पाणी अडवायचं आणि तापलं की रेडिएटरकडं सोडायचं, एवढंच त्या पितळी झडपेचं काम. ती मिटलेलीच राहिली की पाणी जागच्या जागी उकळतं.

गंजलेल्या बोल्टांवर घासलेट टाकून त्यानं झडपेवरचं बिडाचं झाकण सोडवलं आणि तोंड फिरवलं. आत पाणी नव्हतंच. हळद, कोंडा आणि घोड्याची लीद यांचा कुजका रबरबीत गाळ होता. गळकं रेडिएटर लिलावापुरतं धड दिसावं म्हणून कुणीतरी हे सगळं भरलं होतं. झडप त्यात रुतून मेली होती. मायाप्पानं धोतराचा सोगा नाकाला बांधला, काडीनं, चिंधीनं, शेवटी बोटांनी तो गाळ उपसला. रेडिएटरची भोकं झाळून आणली. त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही.

ईश्वरप्पांनी गाळ पाहिला आणि ते खो खो हसले. "शहाणे होते की लिलाववाले! आपण विकताना हेच करायचं, मायाप्पा."

गाळापेक्षा मायाप्पाला ते हसणं घाण वाटलं.

"सावकार, ही झडप गेली. तिची जागा मोकळीच ठेवू. आपल्या उन्हाळ्यात इंजिन गार पडायचा सवालच न्हाय."

"मोकळी? मोडकी गाडी घेतली म्हणतील लोक. नवी मागवतो."

मुंबईच्या एका दलालाकडून नवी झडप आली. मूळ कारखान्याची नव्हे, कुणा तिसऱ्यानंच केलेली. खोक्यावर छापलं होतं की कुठल्याही मोटारीला चालते. ह्या मोटारीला ती काठात मोठी होत होती. मायाप्पानं कानशीनं काठ घासून ती खाचेत बसती केली. पण बोल्ट आवळण्याआधी त्यानं ती बाहेर काढली, डब्यात पाणी घेऊन तीन दगडांवर ठेवलं आणि झडप त्यात सोडली. पाणी खदखदलं, तरी झडप नखभरच उघडली.

"ही नीट उघडत न्हाय, सावकार. वाटंत दगा दील."

"नवीकोरी आहे ती! बसव म्हटलं की बसव. साकू, पुरे तुझं शहाणपण." चिडले की ईश्वरप्पा कानडीवर येत.

पुठ्ठ्याचं पॅकिंग कापून मायाप्पानं झडप बसवली. आपण बसवतोय ते वाईट आहे हे माहीत असून बोल्ट आवळताना त्याला स्वतःच्याच हातांची शिसारी आली.

पुतणीसाठी मुलगा बघायला ईश्वरप्पा सांगोल्याला निघाले. मंगळवेढ्यापर्यंत मायाप्पानं थांबत थांबत, इंजिन गार करत गाडी नेली. पुढच्या माळावर झडप मिटली ती मिटलीच. टोपणातून वाफेचा फवारा उडाला. दुष्काळाचं साल होतं. आसपास ना विहिरीला पाणी, ना झाडाला सावली. कडेला एकच बाभूळ होती.

तेवढ्यात डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई वाटेनं आली. बाळाबाई तिचं नाव. ओढ्यात खणलेल्या झऱ्यातून वाटी वाटीनं पाणी भरून ती घराकडं निघाली होती. ईश्वरप्पांचा सुकलेला चेहरा बघून तिनं आपणहून हंडा उतरवला.

"घ्या बाबा, पाणी प्या."

ईश्वरप्पांनी ओंजळ लावली, एक घोट घेतला आणि थुंकला. "थू! मचूळ आहे." मग त्याच पाण्यानं त्यांनी चुळा भरल्या, तोंड धुतलं, मान पुसली आणि उरलेलं पाणी सावकाश पायांवर ओतून घेतलं. जमीन पाणी पिऊन टाकत होती तिकडं बाळाबाई बघत राहिली.

लिदीच्या गाळात हात घालतानासुद्धा मायाप्पाला एवढी किळस आली नव्हती.

"दुसरा हंडा गाडीत ओत," ईश्वरप्पा म्हणाले.

"गरम बिडावर गार पाणी पडलं तर तडकंल. दम धरा."

इंजिन निवल्यावर त्यानं झाकण उघडलं, नवी झडप उपटून काढली आणि माळावर लांब भिरकावली. झाकण पुन्हा बसवलं. पण रेडिएटर कोरडं पडलं होतं. तो बाळाबाईजवळ गेला.

"आक्का, ह्यो हंडा मला दे. गाडी चालू झाली की तुला झऱ्यावर नेतो. दोन्ही हंडे भरून घरी सोडतो."

"मला? ह्या गाडीत?"

"व्हय, ह्याच."

तिनं हंड्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "घरात कुणी पाण्याचा थेंब न्हाय प्यालं, दादा. नेशील न्हवं?"

गाडी सुरू झाली. मायाप्पानं मागचं दार उघडलं आणि आधी बाळाबाईला आत बसवलं. ईश्वरप्पा धावत आले.

"अरे, तिचे पाय बघ! शेण, माती... माझ्या मखमलीवर? ती बसणार असेल तर मी बसायचा नाही."

"मग बसू नका," मायाप्पा म्हणाला. "बाभळीखाली ऱ्हावा. मी येतो."

आणि तो खरंच गेला. झऱ्यावर बायकांची रांग होती. बाळाबाईनं कसं पाणी गेलं ते सांगितलं तेव्हा बायकांनी तिला पुढं घेतलं, तरी हंडे भरायला उन्हं कलली. येताना हंड्यातलं पाणी हिंदकळून गादी भिजली. ती घाबरून पदरानं पुसू लागली. "ऱ्हाऊ दे आक्का, पाणीच हाय ते," मायाप्पा म्हणाला. तिला दारात उतरवून तो माघारी आला.

ईश्वरप्पा भिजल्या गादीच्या कडेला अंग चोरून बसले. गाडी मात्र सांगोल्यापर्यंत एकदाही तापली नाही. वाट पाहून मुलाकडची मंडळी शेवटी जेवून घेऊन दुसरी मुलगी बघायला पुढच्या गावी निघून गेली होती. सोलापुरात परतल्यावर मायाप्पानं गाडी धुतली, किल्ली ओसरीवर ठेवली आणि घरी आला. ईश्वरप्पांनी त्याला काढून टाकल्याचं सांगायला माणूस पाठवला तेव्हा तो झोपलेला होता.

त्याच्या बायकोनं, बनाबाईनं, सगळी हकिगत ऐकून घेतली. मायाप्पाला वाटलं, ही आता ईश्वरप्पांना शिव्या घालील.

"त्यानं एक हंडा नासला," ती म्हणाली, "पण दुसरा तुमीच मागितला की. ती बाई न्हाय म्हणाली असती तर?"



ईश्वरप्पांनी पेठेत सांगून टाकलं की ह्यानं मोटार नासवली. पावसाळाभर त्याला कुणी काम दिलं नाही. दिवाळीनंतर वैरागकडं जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर त्याला ड्रायव्हरकी मिळाली. गाडी खडखडणारी, उतारू टपापर्यंत चढलेले, कोंबड्या, गुळाच्या ढेपा. कुणी खिडकीतून पिंक टाकली की मायाप्पा ब्रेक दाबायचा, फडकं हातात द्यायचा आणि पत्रा पुसून होईपर्यंत गाडी हलवायचा नाही. लोक वैतागायचे, पण पुसायचे.