लाजरी आणि बिनपरवान्याचा नावाडी

पाणथळीतल्या नावाड्याला शाळेचं वावडं होतं, पण पक्ष्यांची नावं त्यानं जिवाचा आटापिटा करून पाठ केली होती. पक्षी एक आणि नावं किती! आईनं शिकवलेलं घरचं एक. होडीत बसणाऱ्या परदेशी पाहुण्यांचं दुसरं, त्यांच्याच शेजारच्या देशातल्यांचं तिसरं, आणि शास्त्रज्ञांचं ते जीभ वळता वळत नाही असं चौथं. ज्याला जे कळेल ते त्याला सांगायचं. एका पाहुण्यानं दिलेलं पक्ष्यांचं पुस्तक त्यानं बावीस वर्षं जिवापाड जपलं.

मग वनखात्याच्या कचेरीनं फर्मान काढलं. परीक्षा पास झालेल्यानंच पक्षी दाखवायचे. बाकीच्यांनी बोट जरी केलं तरी होडी जप्त. नावाडी निर्धास्तपणे परीक्षेला बसला आणि सपशेल आपटला. परदेशातल्या कुठल्याशा समितीनं मधल्या काळात निम्म्या पक्ष्यांची नावंच बदलली होती, आणि याच्या पुस्तकाला त्याचा पत्ता नव्हता. त्याचा भाचा मात्र पहिल्या फटक्यात पास. पठ्ठ्यानं नवी यादी घोकली होती. पाणथळीत पाऊल म्हणून ठेवलं नव्हतं.

"मामा, तुम्ही वल्हवा, बोलायचं मी बघतो," भाचा म्हणाला. होडी मामाची आणि तोंड भाच्याचं, असला न्याय.

एका सकाळी एक वयस्कर बाई आल्या, समुद्र ओलांडून, एकाच पक्ष्यासाठी. नावाड्याची आई त्या पक्ष्याला लाजरी म्हणायची, कारण ती गवताबाहेर क्षणभर येते आणि गडप होते. बाईंचे डोळे अधू होत चालले होते. पाहिलेल्या पक्ष्यांच्या वहीत एवढी एकच जागा रिकामी राहिलीय, पुढच्या वर्षी दिसेल न दिसेल, असं त्या सांगत होत्या.

लाजरी आली, डावीकडच्या लव्हाळ्यात. भाचा उजवीकडे पाणकोंबडीच्या पिल्लाकडे दुर्बीण रोखून लाजरीचं नवंकोरं नाव घेत होता. नावाड्यानं त्याला वल्ह्यानं हळूच ढोसलं.

"मामा, गप्प वल्हवा. तुमचं पुस्तक जुनं झालं," भाचा पुटपुटला.

मागच्याच होडीत कचेरीचा माणूस बसला होता. होडी गेली तर खायचं काय? नावाड्यानं शब्द गिळला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. तेवढ्यात लाजरी गवतात शिरली. बाईंनी डोळे पुसत वहीत लिहिलं, भाच्याचा हात हातात घेतला.

काठावर उतरताना त्यांनी नावाड्याला विचारलं, "इतकी वर्षं इथं आहात, तुम्हीही ओळखत असाल ना पक्षी?"

"नाही बाई," तो म्हणाला, "मी नुसता वल्हवतो."