साडूंचा सोळाचा आकडा

जगातल्या यच्चयावत भानगडींची कारणं दोनच, असं आमच्या साडूंचं ठाम मत होतं: एक तर दाब कमी पडला, नाहीतर दाब जास्त झाला. पावसानं तोंड फिरवलं, दाब कमी. गावचा उमेदवार पडला, दाब कमी. सासूबाईंनी एका जावयाला दुसऱ्यांदा तूप वाढलं आणि दुसऱ्याला नुसतं विचारलं, मग चार दिवस अबोला झाला, तर दाब जास्त. एकदा माझ्या बायकोची भाकरी फुगेना, तेव्हा हे चुलीपाशी उकिडवे बसले आणि डॉक्टरच्या गंभीरपणानं म्हणाले, "ताई, कडंला गळती हाय. वाफ निसटायलीय." भाकरी पुढं फुगली, पण त्यांना चुलीपर्यंत येऊ कुणी दिलं म्हणून बायकोनं दोन दिवस मलाच फैलावर घेतलं.

नेकनूरच्या बसथांब्यामागं त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. डोळ्यांपेक्षा कानांवर त्यांचा भरवसा जास्त. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते आतलं दुखणं ऐकत. हे गॅरेजपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण एका लग्नात त्यांनी मांडवात खोकत बसलेल्या आजोबांच्या छातीला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "आजोबा, एक व्हॉल्व्ह नीट बसत न्हाई." नवरीकडचे लोक चिडले, मी सगळ्यांचे हातपाय जोडले. महिनाभरानं बीडच्या डॉक्टरनं तपासून तेच सांगितलं, तेव्हापासून आजोबा डॉक्टरऐवजी गॅरेजमध्येच येऊ लागले.

अशा माणसाच्या हाती आमच्या गावाची जनावरं एका उन्हाळ्यात सोपवावी लागली. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता. मी दूध उत्पादक सहकारी संस्थेचा सचिव, आणि संस्थेकडं दूधच येईना. मग संस्थेचा जुना टँकर धुऊन पाण्याला लावला. "इतकी वर्षं दुधात पाणी नेलं, आता नुसतंच पाणी न्यायचं," असं चेअरमन स्वतःच म्हणाले आणि स्वतःच हसले. पाणी होतं घाटाखालच्या विहिरीत आणि चारा छावणी होती घाटावरच्या माळावर. भरलेला टँकर पिंपळाच्या वळणावर दम सोडी. म्हणून तो अर्धाच भरायचा, आणि संध्याकाळी छावणीतल्या गायी कोरडे हौद चाटत उभ्या राहायच्या. आणखी पंधरा दिवस असं चाललं असतं तर लोकांनी दावी सोडून जनावरं बाजारात उभी केली असती. दुष्काळात बाजारात गेलेली गाय कुठं जाते, हे कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

साडूंनी बीडच्या भंगारातून एक टर्बो हुडकून आणला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरानंच फिरणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. जादा हवा म्हणजे जादा ताकद, इथपर्यंत सगळे खूश. पण साडूंनी संस्थेला अर्ज दिला, की टर्बो बसवायचा तर इंजिनाचा दाबाचा आकडा अठरावरून सोळावर आणायला मंजुरी मिळावी. पिस्टन खाली असताना वर हवेला जेवढी जागा असते, तिच्या कितव्या हिश्शात पिस्टन ती हवा आवळतो, तो हा आकडा. "यष्टीत आधीच माणसं कोंबल्याली असली तर कंडक्टरनं दार आदळू नये," एवढंच साडूंचं म्हणणं. हवा आधीच कोंबून येणार, तर वरून आवळायची थोडी कमी.

आता एखाद्या शहाण्या गावात मेकॅनिकचा आकडा मेकॅनिकवर सोडला असता. पण आमच्या संस्थेत ऑफिसातला बल्ब बदलायलाही ठराव लागे. सभा भरली. चेअरमन म्हणाले, "कंपनीनं अठरा दिल्यात. संस्थेच्या मालकीचे दोन आपुन काहून सोडायचे?" टाळ्या पडल्या. विरोधी गटाचे निवृत्त मास्तर ताडकन उठले. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चेअरमन अठरा म्हणाले एवढं त्यांना पुरे होतं. "सोळा बी जास्त हाय! पंधरा करा!" दीड तास कडाक्याचं भांडण झालं. साडू मध्येच उठून म्हणाले, "अहो, अठरा ठिवलं तर घाटात हेडचं पॅकिंग उडंल, न्हाईतर पिस्टनच फुटंल. इंजिनाला गट न्हाईत." त्यांना खाली बसवण्यात आलं, कारण ते सभासद नव्हते. शेवटी गावाच्या एकोप्यासाठी मधला मार्ग निघाला आणि 'दाब सतरा ठेवावा' असा ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक चेअरमन, अनुमोदक मास्तर. तो मी माझ्या हातानं लिहिला.

दुसऱ्या दिवशी साडूंनी मला गॅरेजवर बोलावलं. लेथवाल्याकडून पिस्टनच्या डोक्यातल्या वाट्या खोल करून आणलेल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टरची मोठी सिरिंज घेऊन साडू त्या वाट्यांमध्ये डिझेल भरून मोजत होते. तिकडं छावणीत डॉक्टर एका म्हशीसमोर उभे राहून सिरिंज शोधत होते, हे मला नंतर कळलं. अठरा आणि सोळा यांच्यात सिलिंडरमागं फरक काय, तर सातआठ मिली, वासराच्या एका डोसाएवढा. मी मापं लिहून घेतली, हिशेब केला आणि पुन्हा एकदा केला.

"अहो, हे तर सोळाच येतंय! ठराव सतराचा झालाय."

"ठराव वहीत ऱ्हातो साडूभाऊ, पिस्टन सिलिंडरात ऱ्हातो."

"पण सोळावर सकाळी गाडी सुरू होणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होता."

"न्हाईच होणार. दाब कमी म्हंल्यावर थंड इंजिन कुरकुरणारच." त्यांनी सिरिंज पुसली. "पर सकाळी धक्का द्यायला गावात पन्नास माणसं हायत. घाटात त्या इंजिनाला कोण हाय?"

सचिव म्हणून मी ओरडायला हवं होतं. साडू म्हणून मी मापांचा कागद घडी करून खिशात टाकला.

पहिल्या खेपेला टँकर काठोकाठ भरला. केबिनमध्ये ड्रायव्हर, मध्ये साडू आणि दाराशी मी. घाट लागताच त्यांनी आम्हाला बोलायची बंदी केली आणि डोळे मिटले. पिंपळाचं वळण आलं. टर्बोची शिट्टी चढत गेली. साडूंनी माझा गुडघा असा आवळला, की त्या दाबाचा आकडा कुणी मोजला असता तर पंचवीसच्या खाली आला नसता. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की सोळाची खात्री त्यांनाही नव्हती. टँकरनं वळण घेतलं आणि दम न सोडता माळावर निघाला. हौद भरताना गायींनी अशी मुसंडी मारली, की चेअरमनांचं धोतर चिखलात गेलं. त्या दिवशी त्यांनी त्याचं काही मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे टँकर अर्थातच सुरू होईना. साडूंनी हाळी दिली आणि छावणीतली माणसं गोळा झाली. डावीकडून चेअरमनांचा गट, उजवीकडून मास्तरांचा. टँकर उतारावर लोटायचा, ड्रायव्हरनं गिअर टाकायचा, मग इंजिन खोकून जागं व्हायचं. "सतरावर असं व्हतंय व्हय?" चेअरमननं संशयानं विचारलं. साडू शांतपणे म्हणाले, "सतरा हाय म्हणून धक्क्यावर भागतंय. मास्तरांचं पंधरा ऐकलं असतं तर बैलं जुपावी लागली असती." चेअरमन खूश झाले. मास्तरांना साडूंनी बाजूला घेऊन सांगितलं, "अठरा असतं तर घाटातच संपलं असतं बघा." मास्तरही खूश झाले. रोज पहाटे धक्का, मग तिथंच चुलीवरचा चहा, एकाच किटलीतला. संस्था स्थापन झाल्यापासून ही दोन माणसं एकमेकांच्या हातचा चहा प्यायली नव्हती. त्या उन्हाळ्यात छावणीतलं एकही जनावर बाजारात गेलं नाही.

पुढं पाऊस झाला. छावणी उठली, गायी घरोघर गेल्या, आणि पहिल्याच सभेत चेअरमन आणि मास्तर पुन्हा कडाकडा भांडले. माळावर नुसते खुंटे उरले आणि हौदाशेजारी टँकर. दुसऱ्या दिवशी पहाटे मला सवयीनंच जाग आली आणि पाय माळाकडं वळले. बघतो तर साडू आधीच तिथं उभे.

"इंजिन उभं ऱ्हायलं की धरतंय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "एकदा फिरवलेलं बरं."

मग टँकरवरची धूळ पुसत हळूच म्हणाले, "पाऊस आला तवा सगळी नाचली, साडूभाऊ. मी बी नाचलो. पर आज उठल्यावर लई रितं रितं वाटायलंय. पाप लागंल का हो मला?"

मी नाही म्हणालो. मग आम्ही दोघांनी, एकानं डावीकडून आणि एकानं उजवीकडून, टँकरला खांदा लावला आणि होता तेवढा जोर केला. टँकर तसूभरही हलला नाही. तरी आम्ही बराच वेळ खांदा काढला नाही.