वळणावरची खुर्ची

नागपूरजवळच्या हिंगण्यात आमच्या कारखान्याला लागून एका कारागिराचं वर्कशॉप होतं. पडद्यावर गाडी वळली की सोबत वळणारी सिनेमाची खुर्ची तो बनवत होता. "बसून पाह्य गा, कमरेले झटका बसते काय?" म्हणत तो मला बसवायचा आणि पडद्याकडे पाठ करून माझा चेहरा न्याहाळायचा.

आमची कंपनीही तसलीच खुर्ची करत होती. त्याच्या खुर्चीची रचना मी साहेबांना सांगून बसलो. पेटंट आम्हाला मिळालं, टॉकीजमध्ये आमच्याच खुर्च्या लागल्या.

एक दिवस तो गेटवर आला. माझी मान वर होईना. त्यानं एक वही पुढे केली.

"तुमची खुर्ची वळणावर उशिरा हालते गा. एखांद्या म्हाताऱ्याची मान लचकून जाईन. यात उपाय लिवला हाये."

वही साहेबांना देण्याआधी त्याच्या नावाचं पान मी फाडलं.