मुक्काम गाडीतच

भाड्याने कॅम्परव्हॅन घेऊन सहलीला जायचं मी जाहीर केलं, तेव्हा बायकोने एकच अट घातली. सहल संपेपर्यंत ती गॅसला हात लावणार नाही. लग्न झाल्यापासून सकाळचा पहिला चहा तिनेच केलाय. माहेरी गेली तरी तिथेही तीच आधी उठते. "एकदा तरी मला अंथरुणात आयता चहा पाहिजे की. बाकी कुठं न्यायचं तिथं न्या," ती म्हणाली. मी लगेच शब्द दिला. शब्द द्यायला मला फार आवडतं.

मग मी मोबाईलवर इतके व्हिडिओ बघितले की गाडी मिळायच्या आधीच गल्लीत सल्ले वाटू लागलो. जड सामान तळाशी ठेवा. गाडी सपाट जागी उभी करा, नाहीतर झोपेत सगळे एका कडेला घरंगळतात. निघायच्या आदल्या दिवशी घरासमोरच गाडी लावून शेगडी पेटवून बघा. हे सगळं बरोबर आहे, आजही कुणी विचारलं तर सांगेन. न विचारताही सांगेन.

सामान मीच भरणार, असाही हट्ट धरला. त्यामुळे गाडीत कडक भाकरीचा डबा आला, शेंगाचटणी आली, लग्नघराला पुरतील एवढ्या चादरी आल्या आणि ऐन थंडीत टेबलफॅन आला. लेकीने विचारलं, बाबा, आपण घर बदलतोय का? तेव्हा फॅन तेवढा उतरवला.

जायचं होतं उजनीच्या पाण्याकाठी, करमाळ्याच्या अंगाला. तिथे माझ्या आतेभावाचं शेत आहे. व्हिडिओतला माणूस बजावून सांगत होता की शेतात गाडी लावण्याआधी मालकाची परवानगी घ्या. मी शहाण्यासारखा आतेभावाला फोन केला. बांधाजवळ गाडी लावतो, बाकी काही त्रास देणार नाही, असं सांगितलं. व्हिडिओतल्या माणसाचे शेतमालक त्याचे नातेवाईक नसावेत.

टेंभुर्णी सोडून आम्ही पोचलो, तर आतेभाऊ बांधावर उभाच. मी त्याला कॅम्पिंग म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आमच्या चादरी खांद्यावर टाकल्या. "गाडीत कशापाई झोपताय? आमचं घर काय पडलंय व्हय? उद्या गाव इचारंल, पावनं रानात का झोपलं म्हनून. काय सांगू मी?" ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्या एकाही व्हिडिओत नव्हतं. आम्ही मुकाट्याने त्याच्या मागे घरी गेलो.

संध्याकाळी मी अंगणात जमलेल्या मंडळींना गाडीची माहिती देत होतो. घडीचा पलंग उघडून दाखवला, बेसिनचा नळ सोडून दाखवला. एका आजोबांनी संडास कुठं म्हणून विचारलं आणि ऐकून मागे सरकले. तहान लागली म्हणून मी घरात गेलो, तर बायको चुलीपुढे. आतेभावाची बायको, म्हणजे आमची वहिनी, एकटी एवढ्या माणसांच्या भाकरी थापत असताना पाहुणी बाई बसून कशी राहील? कोपरापर्यंत पीठ, डोळ्यांत धूर. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि भाकरी उलटली. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

सकाळी वहिनी धार काढायला गोठ्यात गेली, म्हणून सगळ्यांचा चहाही हिनेच केला. मी तो दोनदा घेतला, हेही सांगून टाकतो.

दुपारी आतेभावाने रात्रीच्या मटणाचा बेत काढला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की आजचा मुक्काम गाडीतच, कारण हिला मी आयत्या चहाचा शब्द दिलाय. आतेभाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. बायकोच्या चहासाठी करमाळ्यापर्यंत डिझेल जाळणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला होता. घरच्या गॅसवर होत न्हाय का, असंही त्याने विचारलं. ते मलाही आधी सुचायला हवं होतं. हसली नाही ती फक्त वहिनी.

त्या रात्री आम्ही बांधाजवळ गाडीत झोपलो. जागा मी निवडली होती, त्यामुळे तिघंही एका कडेला घरंगळलो.

सकाळी मी चहा टाकला. दूध उतू गेलं, साखर दोनदा पडली. बायकोने पडल्या पडल्या कप घेतला, एक घोट प्यायली. "लई गोड झालाय," ती म्हणाली, "पण मी उठणार नाही."

तेवढ्यात वहिनी दुधाचं भांडं घेऊन दारात आली. ती परत निघाली, तर बायकोने तिला हाताला धरून आत ओढलं, सरकून जागा केली आणि चादर तिच्याही पायांवर टाकली. मी दुसरा कप भरून दिला. वहिनीने तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ प्यायलीच नाही. खिडकीतून नुसती पाण्याकडे बघत होती.

घराकडून आतेभावाची हाक आली, चहा झाला का म्हणून.

वहिनीने पाय चादरीत आणखी आत घेतले. "हितं झालाय," तिने आतूनच ओरडून सांगितलं. "तितला तुमी करून घ्या."