जरबेऱ्याशी गप्पा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घ्या, तोवर मी स्वतःच्या हाताने घातलेला घोळ सांगते.

मी पेणची. बारा वर्षं हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवले. हात जराही हलत नाही, एवढ्या एका गुणावर मला रोह्याजवळच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये घेतलं. काम काय? जरबेऱ्याचे इवलेसे कोंब चिमट्याने सुटे करायचे आणि काचेच्या बाटलीत, जेलीसारख्या खाद्यात मुळं धरायला उभे करायचे.

आम्ही पाचही जणी नव्या. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मास्क काढायचा नाही, काम करताना बोलायचं नाही. महिनाभर बघेन, मग कायम करेन." आणि त्या दहा दिवसांसाठी पुण्याला गेल्या.

आता तुम्हीच सांगा, कारखान्यात रंगवता रंगवता अख्ख्या गावाची लग्नं जुळवणारी मी. गप्प बसून माझा हातच चालेना. मग मास्क हनुवटीवर ओढला आणि कोंबांशीच बोलायला लागले. "बस गो बाय, सरळ उभी ऱ्हा."

पाचव्या दिवशी बघते तर माझ्या बाटल्यांत पांढरी, मऊ, कापसासारखी मुळं! शेजारी गडबची शालन बसायची. तिच्या बाटल्यांत काहीच नाही.

"काय गो, तुझ्याच बाटल्यांत मुळं कशी फुटली?"

"मी बोलते त्यांच्याशी."

"काय बोलतेस?"

"लेकीशी बोलतो तसं. तू पन बोल."

शालन बोलायला लागली. मग तिच्या पलीकडची. एकीने तर सासूची सगळी गाऱ्हाणी बाटलीत ओतली. चार दिवसांत सगळ्यांच्याच बाटल्यांत कापूस. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला, "नोकरी पक्की समजा." त्यांनी आळीत पेढे वाटले.

मॅडम आल्या, तर त्यांना हाताला धरून मीच घेऊन आले. "मॅडम, आमची मुळं बघा."

मॅडमनी बाटली उजेडात धरली.

"सुनंदाताई, ही मुळं नाहीत. बुरशी आहे."

"सगळीच?"

"सगळीच. मास्क काढून कोण बोलत होतं?"

मी छताकडे बघत होते. तेवढ्यात शालन अभिमानाने म्हणाली, "आम्ही सगळ्याच, मॅडम. सुनंदाताईंनीच शिकवलं."

सगळी रोपं फेकावी लागली. मॅडम भल्या, त्यांनी घरी नाही पाठवलं. बाटल्या धुवायला बसवलं. तिथली बाई विचारते कशी, "ताई, आत तुमच्याकडं कसलं काम होतं?"

म्हटलं, "बुरशीची लागवड. एक बाटली फुकट गेली नाय."