‘येता का, वहिनी?’

आमच्याकडं पहिल्या विचारण्याला नको म्हणायचं असतं. चहा असो, पोहे असोत, नाहीतर कुणाच्या गाडीत बसणं असो. समोरचा म्हणतो, "अहो, घ्या की." आपण थोडे आढेवेढे घेतो, आणि त्यानं तिसऱ्यांदा म्हटलं की हो म्हणतो. आईनं मला हेच शिकवलं. पहिल्याच वेळी हो म्हणणारी बाई हावरट, असं तिचं साधं म्हणणं होतं.

आमच्या गल्लीतल्या भाऊजींनाही हे चांगलं ठाऊक होतं, आणि त्यावरच त्यांनी मला गंडवलं. आम्ही दोघं शेंद्र्याच्या एकाच कारखान्यात. ते ऑफिसात अधिकारी, मी पॅकिंगला. मी मुकुंदवाडीच्या स्टॉपवर सिटी बसची वाट बघत उभी असायची आणि ते पांढरी गाडी घेऊन एकटेच निघायचे. गाडी हळू व्हायची, काच चार बोटं खाली यायची. "येता का, वहिनी?" मी म्हणायची, "नको, येईल बस." पुढं आग्रह व्हायला हवा. पण माझं वाक्य संपायच्या आत काच वर गेलेली असायची.

बस आपल्या मर्जीनं यायची आणि मला लेटमार्क लागायचा. पॅकिंगच्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा विभागात सगळ्यात जुनी मीच होते. साहेबांनी भाऊजींचं मत विचारलं. ते म्हणाले, "काम चांगलं आहे हो, पण वेळेचं काय? मी तर रोज गाडीत बोलावतो, त्याच येत नाहीत." जागा माझ्यामागून आलेल्या एका मुलीला मिळाली. हे सगळं तिनंच मला पेढा देताना भाबडेपणानं सांगितलं. तो पेढा मी गेटवरच्या कुत्र्याला घातला. त्या दिवसापासून मी डूख धरला. खोटं कशाला बोलू, भाकरी थापतानासुद्धा मी भाऊजींची आठवण काढून थापत होते.

संधी कंपनीनंच दिली. एके दिवशी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून साहेबांनी सांगितलं, एकेकट्यानं गाडी आणू नका, बसनं या, नाहीतर शेजाऱ्याला बरोबर घ्या. भरलेली गाडी शेडखाली लागेल, एकट्याची गेटबाहेर, उन्हात. भाऊजी लगेच उठले.

"मी तर रोज विचारतो, साहेब. आता सगळ्यांसमोर विचारतो. येता का, वहिनी?"

माझं उत्तर त्यांना पाठ होतं, म्हणून ते हसत खाली बसायलाही लागले.

"व्हय, येते की," मी म्हणाले. "उद्यापासून. आन् माझ्यासंगं स्टॉपवरच्या दोघी बी येतील. गाडी भरायलाच पाहिजे ना, साहेब?"

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आई असती तर तिनं मान खाली घातली असती. मला काडीची लाज वाटली नाही.

आता रोज मी पुढं बसते. मागं त्या दोघी. एकीच्या पिशवीतल्या लसणाच्या चटणीचा वास गाडीला कायमचा चिकटलाय, आणि दुसरी पूर्ण रस्ताभर फोनवर नणंदेशी भांडते. एसीनं माझा गुडघा धरतो, म्हणून काचा खाली. जालना रोडची सगळी धूळ त्या पांढऱ्या सीटकव्हरवर बसते. उतरताना दार मी आपटूनच लावते. हे सगळं मी मुद्दाम करते आणि मला फार बरं वाटतं.

परवा सिग्नलला भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, बस आता टायमावर येती म्हणं. लई आरामात जाता येईल तुम्हाला."

"मी बी ऐकलं," मी म्हणाले. "पर माझी जागा गेली ती बसपायीच. तुम्हीच सांगितलं होतं ना साहेबांना?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना, मागून हॉर्न वाजायला लागले.

"चला, भाऊजी," मी म्हणाले. "उशीर मला परवडत नाय."

सुपरवायझर झालेली ती मुलगी तरुण आहे, तब्येतीनं ठणठणीत आहे. ती त्या खुर्चीतून उठेपर्यंत मी या गाडीतून उतरणार नाही.